छायाचित्रातील माशी आणि नावाची मर्यादा

केवळ बांधणी पाहून पुस्तकाची नोंद करता येत नाही; त्यासाठी ते उघडावे लागते. कीटकांनाही हाच न्याय लागू पडतो.

पेडणे-डिचोलीच्या सड्यांवर फिरणाऱ्यांनी, उन्हात वाळक्या काटकीवर टपून बसणारी आणि उडता कीटक हवेतच झेप घालून धरणारी लांबट माशी पाहिली असेल. असिलिडी कुळातील ही दरोडेखोर माशी. जगात या कुळाच्या ७,००० हून अधिक जाती ज्ञात आहेत. दोन डोळ्यांमधील खोलगट खाच आणि तोंडावरील केसांची मिशी ही कुळाची खूण छायाचित्रात सहज ओळखू येते. खरी अडचण त्यापुढे आहे.

प्रोमॅकस आणि फिलोडिकस या दोन वंशांतील माश्या सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात. भेद असतो तो पंखात. पुढील कडेखाली शिरांनी आखलेली विशिष्ट घरे प्रोमॅकसमध्ये तीन, तर फिलोडिकसमध्ये दोन असतात. शिवाय फिलोडिकसच्या मादीच्या अंडी घालण्याच्या अवयवाला काट्यांचे कडे असते. पंख मिटलेला आणि शेपटाचे टोक पानाआड गेलेले असेल, तर देखणे छायाचित्रही येथे मुके ठरते. वंश कळला तरी जात ठरविण्यासाठी पुष्कळदा नराची जननांगे सूक्ष्मदर्शकाखालीच तपासावी लागतात.

म्हणून समोरून चेहरा, बाजूने देह, वरून पंख आणि शेपटाचे टोक अशी चार छायाचित्रे घ्यावीत. सोबत गाव, तारीख आणि जागेचे वर्णन लिहावे. एवढ्यानेही निश्चिती न झाल्यास वंशाचे नाव लिहून पुढील जागा रिकामी ठेवावी. रिकामी जागा उद्याचा अभ्यासक भरू शकतो. चुकीचे नाव मात्र एका यादीतून दुसऱ्या यादीत उतरत राहते.

गोव्यात या काटेकोरपणाची निकड अधिक आहे. या माश्यांच्या अळ्या मातीत किंवा कुजक्या लाकडात वाढतात. मोपाच्या सड्यावर जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली; डिचोलीत लोहखनिजासाठी डोंगर कापले गेले. जेथील माती गेली, तेथे माशीचा शोध पुन्हा घेता येत नाही. मग जुनी नोंद हीच साक्ष उरते. ती साक्ष खोटी निघाली, तर तेथून नेमके काय गेले, हे पुढील पिढीला कधीच कळणार नाही.