चित्रविद्या आणि आपला विद्यार्थी-निधी
(वार्षिक संमेलनप्रसंगी केलेले भाषण)



विद्यार्थी-साहाय्य निधीचा विचार आज व्हावयाचा आहे. त्यापूर्वी मासिकांतील व जाहिरातींतील चित्रांविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा आम्ही मागतो. दोहोंचा संबंध ओघाने स्पष्ट होईल.

काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि सचित्र अंकाची गोडी मराठी घरांत रुजली. शतकाच्या मध्यास दोन गोमंतकीय चित्रकारांनी ती कळसास नेली. रघुवीर मुळगावकरांनी रंगाच्या फवाऱ्याने मुलायम कांतीच्या देवदेवता रंगविल्या. त्यांची कॅलेंडरे घरोघर भिंतींवर लागली. दीनानाथ दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केला. मुखपृष्ठावर त्यांचे रंग बोलत, तर आतल्या पानांत मोजक्या रेषांनी कथेतील माणसे उभी राहत.

ही मोजकी रेषा केवळ हौसेपोटी आली नाही. छटांच्या चित्रास हाफटोन ब्लॉक लागे आणि खरबरीत कागदावर तो काळवंडे. रेषाचित्राचा जस्ती ब्लॉक स्वस्त पडे व स्वच्छ उठे. काटकसरीतूनही शैली जन्मास येते, ती अशी.

जाहिरातींतही चित्र आटोपशीर झाले. बॉबी कूका व उमेश राव यांचा एअर इंडियाचा महाराजा १९४६ साली आला. आर. के. लक्ष्मण यांचा एशियन पेंट्सचा गट्टू १९५४ चा, तर यूस्टेस फर्नांडिस यांनी रेखाटलेली अमूलची मुलगी १९६६ ची. दृष्टीस पडताच ओळख पटावी, हीच त्यांची किमया. पुढे छायाचित्राने कुंचल्याची पुष्कळशी जागा घेतली. आता संगणक आला आहे.

साधने पालटली, तरी विद्येची गरज उणावली नाही. दहा रेषांचे काम एका रेषेने करावयाचे, तर विचार दसपट लागतो. म्हणूनच मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत १९३५ साली व्यावसायिक कलेचा विभाग निघाला आणि १९६१ साली त्याची स्वतंत्र संस्था झाली.

असे असता, “चित्रे काढून पोट भरते काय?” हा प्रश्न आपल्या घरांतून अद्याप ऐकू येतो. वैद्यक व स्थापत्य शिकणाऱ्यांस आपण हात देतो, हे योग्यच होय. वहीच्या समासात चित्रे रेखाटणाऱ्या मुलामुलींसही तोच हात मिळावा. निधीतील एक शिष्यवृत्ती उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यासाठी राखून ठेवावी, अशी आमची सर्वांस नम्र विनंती आहे.