‘थांब’ म्हणण्याचा अधिकार

आश्विन सरून कार्तिक लागला, कीं वाशिमच्या बाजार समितींत सोयाबीनची आवक वाढते. आवार भरलें, ओट्यावर जागा उरली नाहीं, म्हणजे फाटकावरचा माणूस हात वर करून पुढची गाडी रस्त्यावरच थांबवितो. शेतकऱ्याचा खोळंबा होतो. पण माल वायां जात नाहीं. फाटकवाल्यास हा अधिकार नसता, तर गाडीवर गाडी येऊन धान्य मातींत सांडलें असतें. वजनाच्या कांट्यापाशीं तारेंतून जीं अक्षरें धांवतात, त्यांसही असाच एक फाटकवाला लागतो, हें मात्र थोड्यांसच ठाऊक असतें.

हल्लींच्या कांट्यावर वजनाचे आंकडे दाखविणारी एक पेटी असते. तिच्यांत एक चिमुकला संगणक बसविलेला असतो. वजन घेणें व तें कळविणें एवढेंच त्याचें काम. पावती छापणाऱ्या यंत्राकडे तो एका तारेवरून एकामागून एक अक्षर धाडतो. प्रत्येक अक्षराचे आठ बिट. त्यांच्या आधीं ‘आलों’ असें सांगणारा एक, आणि शेवटीं ‘संपलें’ असें सांगणारा एक, मिळून दहा. दोन्ही यंत्रांचें घड्याळ एक नसतें. पहिली खूण येतांच ऐकणारें यंत्र आपली मोजणी नव्यानें सुरू करतें. म्हणून दोघांचा वेग आधींच ठरवून ठेवावा लागतो. सेकंदास ९,६०० बिट हा वेग ठरला, तर सेकंदास ९६० अक्षरें जातात.

येथेंच पुष्कळांची गल्लत होते. वेग ठरला म्हणजे व्यवहार ठरला, असें त्यांस वाटतें. पण हा करार अक्षर ओळखण्यापुरताच असतो. ऐकणाऱ्यास सवड आहे कीं नाहीं, हें त्यांत कोठेंच येत नाहीं.

समजा, छापणारें यंत्र सेकंदास २०० अक्षरें छापतें, आणि त्याच्या पोटांत २५६ अक्षरांचें कोठार आहे. दर सेकंदास ७६० अक्षरें तुंबूं लागतात, आणि सुमारें एक तृतीयांश सेकंदांत कोठार भरतें. तोंवर ३२० च्या आसपास अक्षरें आलेलीं असतात. पावती ६०० अक्षरांची असेल, तर पुढच्या भागांतील पांचांपैकीं सुमारें चार अक्षरें हवेंत विरतात. आणि निव्वळ वजन तर पावतीच्या तळाशींच छापलेलें असतें!

कोठार थोडेंसेंच अपुरें पडलें, तर अनर्थ अधिक. कारण तो दिसत नाहीं. १२४५० किलोंतील एकच अंक गळाला, तर कागदावर १२५० उमटतें. प्रत्येक अक्षराबरोबर पॅरिटीचा बिट धाडून चूक पकडण्याची सोय असते. पण ती आलेलें अक्षर तपासते, न आलेल्या अक्षराविषयीं ती मुकीच राहते. नुकसान ज्याचें व्हावयाचें त्याचें होतें, आणि दोष कोणाच्याच माथीं येत नाहीं.

ह्यावर उपाय दोन आहेत. वाशिमवरून जाणाऱ्या अकोला-पूर्णा लोहमार्गावर स्टेशनमास्तर पुढील स्टेशनाचा ‘लाइन क्लिअर’ मिळाल्यावांचून गाडी सोडीत नाहीं. पहिला उपाय ह्याच जातीचा. अक्षरांच्या तारांखेरीज आणखी दोन तारा जोडतात. ऐकणाऱ्याची ‘आरटीएस’ ही तार बोलणाऱ्याच्या ‘सीटीएस’ला, म्हणजे ‘क्लिअर टू सेंड’ला, जाऊन मिळते. जागा असेल तोंवर खूण चालू. कोठार भरत आलें, कीं खूण बंद.

दुसऱ्या उपायास जादा तार लागत नाहीं. ऐकणारें यंत्र परतीच्या तारेवरून ‘थांब’ अशा अर्थाचें एक अक्षर धाडतें, आणि जागा झाली म्हणजे ‘चालूं दे’ अशा अर्थाचें दुसरें. १९६३ सालच्या आस्की संकेतावलींत त्यांचे क्रमांक १९ व १७ आहेत. टेलिटाइप यंत्रांत छिद्रें पाडलेली कागदी फीत थांबविण्यास व चालविण्यास हेच संकेत वापरीत. मात्र मजकुरांतच १९ क्रमांक येण्याचा संभव असेल, तर ही रीत घोटाळा करते. आणि ‘चालूं दे’ वाटेंत हरवलें, तर दोघेही एकमेकांची वाट पाहत बसतात. म्हणून कांहीं काळ वाट पाहून पुन्हां विचारण्याची तजवीज ठेवावी लागते.

दोन्ही उपायांत एक पथ्य आहे. ‘थांब’ म्हणतांच बोलणारा थांबतोच असें नाहीं. तोंडांत आलेलीं कांहीं अक्षरें बाहेर पडतातच. १६५५० ह्या नामांकित चिपच्या पोटांत पाठवावयाचीं १६ अक्षरें रांगेंत असूं शकतात. म्हणून कोठार कांठोकांठ भरण्यापूर्वींच हात वर करावा लागतो.

कणगी मोठी केली म्हणजे झालें, असें कोणी म्हणतो. तें अर्धेंच खरें. आवक क्षणभर वाढली, तर मोठी कणगी ती सामावून घेते. पण आवक नेहमींच जावकेहून अधिक असेल, तर कोणतीही कणगी आज ना उद्यां भरणारच. उलट, कांटा तेंच वजन सेकंदांत अनेक वेळां संगणकास कळवीत असेल, तर एखादें सबंध सुटलें तरी बिघडत नाहीं. पाठोपाठ दुसरें येतच असतें. पावतीचें तसें नाहीं. ती एकदांच निघते.

शेवटीं एक वाईट संवय सांगितली पाहिजे. यंत्र ‘सीटीएस’ मागत राहिलें, कीं कांहीं कारागीर दोन तारा वांचविण्यासाठीं बोलणाऱ्याचीच ‘आरटीएस’ त्याच्याच ‘सीटीएस’ला जोडून देतात. म्हणजे बोलणाऱ्यानें स्वतःच स्वतःस परवानगी द्यावयाची! चांचणीची चार ओळींची पावती सुरेख निघते, आणि कारागीर पैसे घेऊन जातो. ऐन हंगामांत लांबलचक पावतीवर मात्र एक अंक गळतो. म्हणून चांचणी घ्यावी ती सर्वांत लांब पावतीची, आणि एकामागून एक अशा अनेक पावत्यांची. व पावतीवरील आंकडा पेटीवरील आंकड्याशीं ताडून पाहावा. दोन तारांची किंमत फार नाहीं. गळालेल्या एका अंकाची किंमत मात्र एखाद्या शेतकऱ्याचें सबंध वर्ष असूं शकते.