निशिगंधाचा कंद आणि चिडाचें झाड

सांगली-साताऱ्याकडे घर बांधून झालें, कुंपण पडलें, कीं अंगणांतल्या मोकळ्या कोपऱ्यावरून घरांत दोन पक्ष पडतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, चैत्र-वैशाखांत निशिगंधाचे चार कंद लावा. श्रावण-भाद्रपदांत देवाला फूल मिळेल. तरुण मंडळी नुकतीच सिमल्याची सफर करून आलेली असते. तिच्या डोळ्यांपुढें चिडाची उंच, हिरवीगार रांग उभी असते. रोपवाटिकेंतला विक्रेता अर्थातच दोन्ही विकावयास तयार असतो. हा वाद वरवर आवडीनिवडीचा दिसतो. परंतु कोपरा एकच असतो, आणि झाडाची निवड चुकली तर ती वीस वर्षांनीं कळते.

प्रथम ‘पाइन’ या नांवाखालीं काय विकलें जातें, तें पाहिलें पाहिजे. खरा चीड, ज्याला संस्कृतांत सरल म्हणतात, तो हिमालयाचा रहिवासी. सुमारें दीड हजारांपासून सात हजार फूट उंचीपर्यंतच्या उतारांवर तो वाढतो. त्याच्या सुया तीन-तीनच्या जुडग्यांनीं येतात, आणि खोडाला खांच पाडल्यावर जो चिकट रस गळतो, त्यापासून टर्पेंटाइन व राळ काढतात. आपल्याकडे कुंडींत जें डौलदार, मजल्यामजल्यानें फांद्या फुटलेलें झाड ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळतें, तें बहुधा चीड नव्हेच. तें अराउकेरिया, पॅसिफिक महासागरांतल्या बेटांवरचें. कॅप्टन कुकला १७७४ सालीं नॉरफोक बेटावर या जातीचीं झाडें दिसलीं, तेव्हां जहाजांच्या डोलकाठ्यांसाठीं हीं उत्तम, असें त्याच्या मनांत आलें. डोलकाठीच्या उंचीला जाणारें झाड दहा हातांच्या अंगणांत, विजेच्या तारांखालीं लावणें हें धाडसच म्हणावयाचें! कोंकणच्या किनाऱ्यावरील सुरूही सुईसारख्या रूपामुळें चिडाचा भाऊ समजला जातो. पण तो सपुष्प वनस्पतींतला, चिडाशीं त्याचें नातें फार दूरचें. पांचगणीस जाऊन ‘केवढे हे पाइन!’ असा उद्गार काढणाऱ्यांस बहुतेक वेळां ऑस्ट्रेलियांतून आलेला सिल्व्हर ओक दिसलेला असतो, आणि तो तर ओकही नव्हे.

निशिगंध हाही या मातींतला मूळचा नव्हे. तो मेक्सिकोचा. युरोपीय लोक अमेरिकेंत पोंचल्यावर तो जगभर पसरला, आणि आज त्याच्यावांचून मराठी घरांतलें लग्नकार्य होत नाहीं. वनस्पतिशास्त्रज्ञ आतां त्याला घायपाताच्याच कुळींत, अगेव्ह या प्रजातींत धरतात. शेताच्या बांधावरची ती कांटेरी घायपात आणि देवापुढची ही नाजूक गुलछडी यांचें एवढें जवळचें नातें असावें, ही मौजच आहे. तेव्हां स्वदेशी-परदेशी या कसोटीवर हा वाद सुटणार नाहीं. दोघेही पाहुणे आहेत. कोणता पाहुणा या घराच्या रीतीभातींशीं जमवून घेतो, एवढेंच पाहावयाचें.

येथील रीत पावसानें ठरवून दिलेली आहे. महाबळेश्वरास वर्षाला २०० इंचांहून अधिक पाऊस, सातारा शहरांत ४० इंचांच्या आसपास, आणि सांगलीस २५ इंचांच्या घरांत. प्रमाण निरनिराळें असलें तरी क्रम एकच : चार महिने पाणी आणि पुढें आठ महिने बहुतांशीं कोरडे. अशा प्रदेशांत वनस्पतीनें जगावें कसें, याचें एक फार जुनें उत्तर म्हणजे कंद. ओल आहे तोंवर पानें काढावीं, उन्हांतून जेवढें मिळेल तेवढें अन्न जमिनीखालीं सांठवावें, आणि ओल संपली कीं वरचा पसारा टाकून देऊन निजावें. सांगलीकराला हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. हरिपूरच्या पेवांत जमिनीच्या पोटांत हळद सांठविण्याची रीत त्याच्याच शेजारची. हळदीचा गड्डा म्हणजे शास्त्रदृष्ट्या खोड, कंद नव्हे. पण बेत एकच.

या बेताचें सर्वांत सुंदर रूप पाहावयाचें असेल, तर साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारें २५ किलोमीटरांवर कासच्या पठारावर जावें. सुमारें चार हजार फूट उंचीवरचा हा जांभ्याचा सडा. वर मातीचा थर कोठें वीतभर, कोठें चार बोटें. २०१२ सालीं पश्चिम घाटाबरोबर त्याची जागतिक वारशांत गणना झाली. तेथील उथळ डबक्यांतून वायतुरा नांवाची एक कंदवर्गीय वनस्पति येते. १९८२ सालीं तिचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालें, तेव्हां तिच्या नांवांत सातारा गोंवला गेला : अपोनोजेटॉन साटारेन्सिस. पावसांत तिचा दुफांटा तुरा पाण्यावर डोकावतो. वैशाखांत त्याच जागीं गेलें तर तापलेल्या खडकाशिवाय कांहीं दिसत नाहीं. ती असते, पण खालीं.

चिडाचें धोरण अगदीं उलट. तो बारा महिने हिरवा राहतो आणि बारा महिने खर्च करतो. हिमालयाच्या कोरड्या उतारावर त्याला तें परवडतें, कारण तेथें पाणी मुळांशीं सांचून राहत नाहीं आणि हिंवाळा खरा हिंवाळा असतो. कृष्णाकांठची काळी जमीन पावसांत फुगून चिखल धरते आणि उन्हाळ्यांत हात जाईल एवढ्या भेगा पाडते. त्या भेगांबरोबर बारीक मुळेंही तुटतात. दुसरी एक गोष्ट रोपवाटिकेंत कोणी सांगत नाहीं. चिडाचीं मुळें एका प्रकारच्या बुरशीच्या साहाय्यानें अन्न घेतात. विसाव्या शतकांत आफ्रिकेंत व वेस्ट इंडीजमध्यें जेथें चीड कधींच नव्हता अशा ठिकाणीं त्याचीं रोपें लावलीं, तेव्हां तीं पिवळीं पडून खुरटलीं. जुन्या चिडाखालची माती आणून मिसळल्यावर तीं वाढूं लागलीं. सांगलींत चिडाचें रोप दोन वर्षांत पिवळें पडलें, तर मालक पाणी वाढवितो, आणि त्या पाण्यानेंच उरलेलें काम होतें.

चिडाला न्याय दिलाच पाहिजे. त्याच्या सुयांतून वारा जातो तेव्हां जो दूर समुद्रासारखा नाद होतो, तसा दुसऱ्या झाडाचा होत नाहीं. पांचगणी-महाबळेश्वराकडे तांबड्या, निचऱ्याच्या उतारावर मोठें आवार असेल आणि घरापासून तीस-चाळीस फूट जागा सोडतां येत असेल, तर एखादा चीड लावण्यास हरकत नाहीं. त्याच्याखालीं मात्र सुयांचा जाड थर सांचतो; त्यांत दुसरें फारसें कांहीं उगवत नाहीं आणि उन्हाळ्यांत तो पटकन् पेटतो. उत्तराखंडांतील वणव्यांना ही पडलेली पानेंच मोठें इंधन पुरवितात. सड्यावर तर चीडच काय, कोणतेंही झाड नेऊन लावूं नये. मोकळा माळ ओसाड दिसतो म्हणून खड्डे खणून, बाहेरची माती भरून वृक्षारोपण करण्याची हौस पुष्कळांस असते. पण उघड्या उन्हावर जगणारे तेथील कंद सावली पडतांच मागें हटतात. तसेच ते कंद उपटून घरीं आणण्याची हौसही नको. अंगणांत ते जगत नाहींत, आणि माळावरून जातात.

निशिगंधाचे दोषही झांकण्याचें कारण नाहीं. फूल नसतांना त्याचा वाफा गवत माजल्यासारखा दिसतो. एका कंदाला एकदांच फूल येतें. पुढची आशा त्याच्या पोटच्या पिलांवर. जमिनींतले सूत्रकृमी त्याच्या मुळांना गांठी आणतात; बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेची ‘शृंगार’ ही एकेरी जात त्यांना बऱ्यापैकीं तोंड देते. दुहेरी फूल फुलदाणींत शोभतें, पण वासाला एकेरीच खरें. तें तोडल्यावरही कित्येक तास सुगंध देत राहतें. संध्याकाळीं तो वाढतो, कारण त्याचें आमंत्रण रात्रीं हिंडणाऱ्या पतंगांना असतें. आजाऱ्याच्या बंद खोलींत मात्र ही छडी ठेवूं नये. वास डोक्यांत जातो.

पुराचा विचार सांगलींत कोणालाच टाळतां येत नाहीं. २००५, २०१९ आणि २०२१ सालीं कृष्णा घरांत शिरली. आठवडाभर तुंबलेल्या पाण्यांत निशिगंधही कुजतो, याबद्दल भ्रम नसावा. पण ज्या घरांत दरसाल थोडे कंद काढून माळ्यावर ठेवण्याची शिस्त असते, तेथें पुढच्या चैत्रांत वाफा पुन्हां उभा राहतो. वीस वर्षांचें झाड मुळांशीं कुजलें, तर तें पुन्हां मिळवावयास वीस वर्षेंच लागतात, आणि लावणाऱ्याजवळ तेवढीं असतीलच असें नाहीं.

ज्यांना उंची आणि सावली हवीच, त्यांनीं सांगलींत किंवा साताऱ्यांत बकुळ लावावी. ती सावकाश वाढते, पण बारमाही हिरवी राहते. निशिगंधाला तिच्यापासून दूर, दिवसभर ऊन मिळेल अशी पट्टी द्यावी. जमीन काळी असेल तर पोयटा, वाळू व कुजलेलें शेणखत घालून वाफा वीतभर उंच करावा. सुपारीएवढा किंवा थोडा मोठा, टणक कंद निवडून दोन-तीन बोटें खोल आणि एकेक वीत अंतरावर लावावा. कोंब दिसेपर्यंत पाणी बेतानें द्यावें. तीन वर्षांनीं फुलें बारीक होऊं लागलीं, म्हणजे थंडी सरतांना पाणी तोडावें, पानें सुकूं द्यावींत, आणि वाफा उकरून कंद सावलींत पसरावे. मोठे कंद बेण्याला ठेवून उरलेले शेजाऱ्यांकडे द्यावे.