वारुळातील माता
(देवीच्या वर्धापनोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



गोमंतकाच्या गावागावांतून पूजिल्या जाणाऱ्या सांतेरीचे मूळ रूप म्हणजे वारूळ; आपण बोलताना ज्याला रोयण म्हणतो, ते. सत्तरीतील पर्येची देवी तर नावानेच भूमिका. उत्सवात आपण देवीला मुखवटा चढवितो, वस्त्रालंकार घालतो. परंतु पुष्कळ ठिकाणी त्या अलंकारांच्या आड असते ती माती.

वारूळच का? वाळवी जमिनीच्या पोटातील ओली माती कणाकणाने वर आणते. भूमीच्या आतील ओलावा तेथे बाहेर प्रकट होतो. भूमिगत पाण्याच्या ज्या खुणा वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त नोंदविल्या, त्यांत वारूळही आहे. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी' (१९७८) या ग्रंथात वारुळाचा विचार भूमातेच्या सर्जनशक्तीचे प्रतीक म्हणूनच केला आहे.

ही भावना केवळ आपली नव्हे. अथर्ववेदाच्या बाराव्या कांडातील भूमिसूक्ताचे ६३ मंत्र पृथ्वीला मातेच्या नात्याने आळवितात, आणि जमीन खणणारा माणूस तेथे तिच्या जखमेचीही काळजी वाहतो. ओडिशात रजपर्वाच्या दिवसांत पृथ्वी रजस्वला मानून नांगर थांबवितात. आसामात अंबुबाचीच्या काळात कामाख्येचे द्वार तीन दिवस बंद असते. प्राचीन ग्रीसमध्ये एल्युसिस येथे धान्यदेवता डिमीटरचे गूढ विधी होत. दूर दक्षिण अमेरिकेत, अँडीज पर्वतातील केचुआ व आयमारा लोक ऑगस्ट महिन्यात जमिनीत खड्डा करून पाचामामेला अन्न, पेय आणि कोकाची पाने अर्पण करतात. स्पॅनिश सत्तेबरोबर नवा धर्म आला, तरी ती गेली नाही. मारियामातेच्या रूपातही लोक तिलाच पाहू लागले. आपल्याकडे म्हापशाची मिलाग्रिस सायबीण ही शिरगावच्या लईराईची बहीण मानली जाते, हे येथे सहज आठवते.

देश निराळे, विधी निराळे. पण जिच्याकडून घ्यावयाचे तिला काही द्यावे, निदान तिला विसावा द्यावा, हा भाव बहुतेक ठिकाणी आढळतो. इक्वेडोरने २००८ च्या संविधानात पाचामामेचे हक्क मान्य केले. आपण मात्र भूमिपूजनाचा नारळ फोडतो आणि दुसऱ्याच दिवशी डोंगर कापावयास लागतो. लईराईच्या शिरगावातही लोहखनिजाच्या खाणी खोदल्या गेल्याच ना?

म्हणून महाजन या नात्याने आपणांस एक विनंती आहे. जीर्णोद्धार अवश्य व्हावा. परंतु गाभाऱ्यातील वारुळाभोवती संगमरवर बसवून त्याचा मातीशी असलेला संबंध तोडू नये. देवळामागची राई, झर आणि तळी हीदेखील देवीच्या स्थानाचाच भाग समजावीत. मोटारी उभ्या करण्यासाठी राई तोडण्याचा विचार निघेल, तेव्हा एकाने तरी उठून विरोध नोंदवावा. महाजनकी हा मान खरा, पण त्याआधी ती राखण आहे. आपल्या पूर्वजांपैकी कितीएकांनी धर्मसंकटात देव डोक्यावर घेऊन नद्या ओलांडल्या. मूर्ती अशी नेता येते, डोंगर आणि झर नेता येत नाहीत. ते जेथे आहेत तेथेच राखावे लागतात.

ती बुद्धी आई आपणां सर्वांस देवो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.