बालवाडीच्या दारात
(हितचिंतकांच्या मेळाव्यात एका बालवाडी शिक्षिकेने केलेले भाषण)



बालवाडीची प्रगती सांगा, असा मला निरोप होता. मी मात्र आज एका मुलाबद्दल आणि माझ्या एका चुकीबद्दल बोलणार आहे.

डहाणू तालुक्यातल्या वारली पाड्यावर मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. चार वर्षांचा एक मुलगा रोज यायचा, कोपऱ्यात बसायचा आणि तोंड उघडायचा नाही. नाव सांग, हा रंग कोणता, मी विचारत राहायचे. दोन महिन्यांनी मी वहीत त्याच्या नावापुढे लिहिले, ‘मंद’.

एके दिवशी मला यायला उशीर झाला. दारातून पाहते तो काय, आमच्या मदतनीस मावशी त्याच्याशी वारलीत बोलत होत्या आणि हा पठ्ठ्या ओढ्यात खेकडे कसे पकडले ते हातवारे करून सांगत होता. किती धरले, किती निसटले, सगळे बोटांवर मोजून! मोजणी त्याला येत होती. येत नव्हती ती माझी मराठी. वहीतला शब्द मी खोडला, पण तो अजून वाचता येतो.

तेव्हापासून सकाळी मी दारात खाली बसते, मुलाच्या डोळ्यांसमोर येते आणि त्याच्या बोलीत विचारते, काय खाल्लेस, कोणाबरोबर आलास? माझी वारली ऐकून मुले हसतात. हसू देत. तेवढ्यात मला कळते, कोणाला कणकण आहे, कोण उपाशी आले आहे.

मग हात धुणे. साबण लावून, नखांसकट, खाण्याआधी आणि शौचाहून आल्यावर. पाणी मुलेच ओततात. सांडते. मी रागवत नाही, फडके देते. पाहुण्यांना वाटते, या बाई नुसते पाणी ओतायला लावतात, शिकवतात कधी? पण न सांडता तांब्या वाकवणाऱ्या हाताला पुढे पेन्सिल जड जात नाही.

यात माझा शोध काही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला हे काम सुरू केले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली, गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणात नेली. महागडी साधने परवडणारी नव्हती, म्हणून पाने, बिया, शिंपले वापरले. आम्हीही तेच वापरतो. गुंजा मात्र घेत नाही. दिसायला सुंदर, पण बी विषारी असते. आणि अगदी लहानांपुढे चिंचोकेही ठेवत नाही, घशात अडकतात.

आता थोडे स्पष्ट बोलते. मागच्या भेटीत पाहुण्यांनी मुलांकडून इंग्रजी कविता म्हणून घेतली. टाळ्या पडल्या, फोटो निघाले. त्या पाठांतरासाठी पंधरा दिवस आमच्या गोष्टी बंद होत्या आणि नुकती बोलायला लागलेली एक मुलगी पुन्हा गप्प झाली. पुढच्या वेळी कविता मागू नका. मुले येतात त्या वेळी या, चटईवर बसा, तुमच्या हातावर त्यांना पाणी घालू द्या.

समितीपुढे सध्या प्रश्न आहे की यंदाच्या देणगीतून टीव्ही घ्यावा की मावशींचे मानधन चालू ठेवावे. टीव्हीला वारली येत नाही, एवढेच मी म्हणेन.

तो मुलगा? भातकापणी झाली, दिवाळी झाली की त्याचे आईबाप वीटभट्टीवर जातात. त्या वर्षीही तो गेला. पावसाच्या तोंडावर परतला, वाळलेला, पायाला जखम. दारात उभा राहिला आणि मी विचारायच्या आधी त्यानेच मला विचारले, “बाई, काय खाल्लंस?”