निर्वात आणि भूसंपर्क



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते पदार्थविज्ञान शिकवीत. मी आयुष्यभर भाषा शिकवली. तरीही आजचा विषय मी त्यांच्या प्रांतातला घेतला आहे. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आपल्या एका माजी विद्यार्थ्याने निर्वातमापकाच्या इंग्रजी सूचनापत्रिकेचे मराठी करून मागितले. ते करताना ध्यानी आले की, येथे एक शब्द संदिग्ध राहिला तर कोणाच्या तरी जिवावर बेतेल.

इंदूरला हा विषय परका नाही. १९८४ साली स्थापन झालेल्या येथील प्रगत तंत्रज्ञान केंद्रात 'इंडस-१' हे सिंक्रोट्रॉन १९९९ मध्ये कार्यान्वित झाले. त्यातील इलेक्ट्रॉन अतिनिर्वात नळीतून फिरतात, आणि ती नळी किती रिकामी आहे हे मोजणारी उपकरणे विजेवर चालतात.

'निर्वात' या शब्दाने आपली थोडी फसगत होते. जेथे वारा नाही तेथे काहीच नाही, असे मन धरून चालते. प्रत्यक्षात वातावरणाच्या दाबाचा सुमारे अब्जावा भाग उरला, तरी एका घनसेंटिमीटरमध्ये अडीच हजार कोटींच्या आसपास रेणू असतात. बेयर्ड आणि अल्पर्ट यांनी १९५० मध्ये पुढे आणलेला मापक या उरलेल्या रेणूंवरच चालतो. तापलेल्या तंतूतून इलेक्ट्रॉन सुटतात, सुमारे १८० व्होल्ट धनभार असलेल्या जाळीकडे धावतात, वाटेत रेणूंवर आदळून आयन निर्माण करतात. ते आयन मधल्या बारीक तारेवर गोळा होतात. तो अतिसूक्ष्म प्रवाह म्हणजे दाबाचे माप. मापकातील चिकटलेले वायू हुसकण्यासाठी काही यंत्रांत जाळीवर कित्येकशे व्होल्ट चढवतात. शीतऋणाग्री मापकात तर हजारो व्होल्ट असतात.

धोका येथे आहे. पात्रात हवा शिरून दाब वाढला की आतला वायू आयनित होऊन स्वतःच वाहक बनतो. जाळीवरचा दाब, म्हणजे विजेचा दाब, या वायूतून पात्राच्या धातूपर्यंत पोचू शकतो. तार तुटलेली नाही, आवरण फाटलेले नाही, आणि तरीही बाहेरून निरुपद्रवी दिसणारे पोलादी पात्र विद्युत्भारित होते. त्याला हात लावणारा माणूस मग जमिनीकडे जाण्याची वाट ठरतो.

म्हणून नियंत्रकाला अर्थिंग आहे एवढ्यावर समाधान मानता येत नाही. पात्रालाही स्वतंत्र, जाड तारेने अर्थिंग हवे, आणि मापकाच्या धातूच्या अंगालाही. जोड रबरी कड्याचा आणि पकड प्लास्टिकची असेल, तर दोन धातू शेजारी असूनही विजेच्या दृष्टीने तुटलेले असतात. खात्री करायची ती खटका बंद करून, प्लग काढून: पात्र आणि प्लगची जाड पिन यांमधला रोध जवळजवळ शून्य भरला पाहिजे. ती पिन इतर दोहोंपेक्षा लांब असते, कारण ती आधी जोडली जावी आणि शेवटी सुटावी. मापनात घरघर येते म्हणून तीच पिन तोडून टाकणारे महाभाग आहेत. घरघरीचा उपाय तारांच्या मांडणीत शोधावा. पिन तोडणे हा उपाय नव्हे.

भाषांतराचा खरा पेच 'न्यूट्रल'पाशी आला. कोशात 'तटस्थ', 'उदासीन' असे सोज्ज्वळ शब्द आहेत. पण ही तार मुळीच तटस्थ नसते. तिच्यातून प्रवाह परततो. ती वाटेत तुटली तर यंत्राकडचे टोक फेजइतकेच घातक होते. तिलाच अर्थिंग समजून पात्राला जोडणे म्हणजे संकट घरात आणणे. मी 'न्यूट्रल' तसाच ठेवला.

'भूसंपर्कन' हा शब्द मला आवडतो, परिभाषेत तो शोभतोही. परंतु यंत्रापाशी उभ्या असलेल्या मुलांना मी तो वाचून दाखवला, तेव्हा ती एकमेकांकडे पाहू लागली. पात्रावर चिकटवायच्या पट्टीवर शेवटी असे लिहिले: 'अर्थिंगची तार जोडलेली दिसल्याशिवाय मापक चालू करू नये. मापक चालू असताना त्याचा प्लग किंवा ही तार काढू नये.'