गर्भाची पिशवी आणि तपासणी



आजचा विषय ऐकून काहीजण मान खाली घालतील. घाला, पण कान इकडे असू द्या. बापमंडळींनी तर उठून जाऊच नये. बाईला दवाखान्यात न्यायचे की नाही, हे पुष्कळ घरांत अजून तेच ठरवितात.

गर्भाच्या पिशवीच्या तोंडाशी जो कर्करोग होतो, त्याचे मूळ बहुधा एक विषाणू असतो. त्याचे नाव एच.पी.व्ही. तो स्त्रीपुरुषांच्या संबंधातून येतो. म्हणून कोणी बाईच्या चालीवर बोट ठेवू नये. संसार करणाऱ्या बहुतेकांना तो केव्हातरी गाठतो आणि वर्षा-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्यांच्या अंगात मात्र तो ठाण मांडतो. मग त्यांतल्या काहींना बहुधा पंधरा-वीस वर्षांनी कर्करोग होऊ शकतो.

"मास्तर, तपासणी केली, लस टोचली की पोर होत नाही म्हणतात. खरं का?" असे आम्हांला विचारतात. खरे नाही. गोष्ट उलटी आहे. बिघाड लवकर सापडला तर तेवढीच जागा गोठवितात किंवा कापून काढतात. पिशवी राहते, पुढे मूलही होऊ शकते. जास्त भाग कापला असेल तर बाळंतपण दिवसांआधी होण्याचा धोका थोडा वाढतो. म्हणून दिवस राहिल्यावर डॉक्टरला तसे सांगावे. पण रोग वाढू दिला तर पिशवीच काढावी लागते, नाहीतर किरणांचा उपचार घ्यावा लागतो. मग मात्र कूस उजवत नाही.

तपासणी अगदी साधी आहे. पिशवीच्या तोंडाला पातळ सिरका लावतात, मिनिटभर थांबतात. बिघडलेली जागा पांढरी दिसते. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून तेथल्या गरीब वस्त्यांतल्या दीड लाख बायांना घेऊन हे पाहिले. निम्म्या बायांची दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा तपासणी केली. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावी शिकलेल्या बायांनाच चार आठवडे शिकवून तयार केले होते. आम्हीही मॅट्रिकच, म्हणून हे सांगताना बरे वाटते! २०१३ साली निकाल आला. या रोगाने जिथे १०० बाया दगावायच्या, तिथे तपासलेल्यांत ६९ दगावल्या.

लस ९ ते १४ वर्षांच्या मुलींना दंडावर टोचतात. २०२२ साली पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लसीलाही परवानगी मिळाली. अंगात आधीच असलेला विषाणू लसीने जात नाही. म्हणून लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी हवीच.

पाळी नसताना, संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसले, अंगावरून घाण वासाचे पाणी जाऊ लागले, तर शेजारणीचा काढा पुरे करा. काही होत नसले तरी तिशी ओलांडलेल्या बाईने एकदा डागा दवाखान्यात किंवा मेडिकलमध्ये जाऊन या तपासणीची चौकशी करावी. पाळीचे दिवस तेवढे सोडून जा. सोबत सासूबाईंनाही न्या, त्यांचीही होऊन जाईल.